घाटाखालचा सोयगाव तालुका

अजिंठ्याची लेणी कोणत्या तालुक्यात आहेत, असे विचारले तर जिल्ह्यातील सुशिक्षितही बहुधा सिल्लोडचे नाव घेतील. अजिंठा हे गाव सिल्लोड तालुक्यात आहे हे खरे. लेणी मात्र घाट उतरल्यावर, वाघूर नदीच्या वळणावर, सोयगाव तालुक्यात आहेत. जगाला ठाऊक असलेल्या लेण्यांचा हा तालुका खुद्द जिल्ह्याच्याच ध्यानात राहू नये, याची कारणे त्याच्या भूगोलात आणि इतिहासात सापडतात.

अजिंठ्याची डोंगररांग हा येथील जलविभाजक. माथ्यावरचे दक्षिणेकडील पाणी गोदावरीला, तर उत्तरेकडील तापीला मिळते. सोयगाव उत्तर उतारावर वसलेला. येथून वाहणारी वाघूर पुढे धरणात अडते आणि जळगाव शहराची तहान भागवते. जमीन कापसाची, बोली खानदेशी वळणाची, बाजाराची ओढ पाचोरा-जामनेरकडे. कचेरीचे काम निघाले की मात्र घाट चढून शंभर किलोमीटर दूर संभाजीनगरला यायचे. १८१८ नंतर खानदेश इंग्रजांकडे गेला आणि ही पट्टी निजामाच्या राज्यात राहिली. ते राज्य १९४८ मध्ये संपले, सरहद्द मात्र जिल्ह्याची हद्द म्हणून टिकली.

ही ओसाड कडेची भूमी मुळात नव्हती. प्रतिष्ठानहून उत्तरेकडे जाणारे व्यापारी तांडे याच डोंगररांगेतील घाटांनी उतरत. इसवी सनापूर्वी येथे पहिली लेणी कोरली गेली आणि पाचव्या शतकात वाकाटक सम्राट हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने सोळावे लेणे खोदविले. जंजाळ्याजवळच्या घटोत्कच लेण्यातही त्याचा लेख आहे. हळदा घाटावर पहारा देणारा वेताळवाडीचा किल्ला तर अजून भक्कम उभा आहे. एवढे दान आणि एवढी तटबंदी जेथे होती, तेथे वाहतूक आणि जकात होतीच, असा तर्क अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने करावयास हरकत नाही.

आज वाहतूक आहे, पण पैसा थांबत नाही. प्रवासी सकाळी येतो, फर्दापूर तिठ्यावर बस बदलतो, लेणी पाहतो आणि संध्याकाळी मुक्कामाला संभाजीनगर वा जळगाव गाठतो. वेताळवाडीला फिरकणारा विरळा. जपानी कर्जसाहाय्यातून फर्दापूरजवळ अभ्यागत केंद्र झाले, त्यात चार लेण्यांच्या प्रतिकृती उभारल्या, २०१३ मध्ये ते खुले झाले. आणि काही वर्षांतच वीज-पाण्याच्या थकबाकीपायी त्याला कुलूप लागले. इमारतीला कर्ज मिळते, दिव्याच्या बिलाला तरतूद नसते, हा आपल्या नियोजनाचा जुनाच रोग!

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने जालना-जळगाव या १७४ किलोमीटरच्या लोहमार्गास मंजुरी दिली. अंदाजित खर्च सात हजार कोटींहून अधिक. अजिंठा हे त्याच्या समर्थनातील मुख्य कारणांपैकी एक. मार्ग झाल्यावर प्रवासी अधिक लवकर येईल. पण तितक्याच लवकर परतेलही. म्हणून रुळांबरोबरच सोयगावच्या वाट्याला काय येणार, हे आताच ठरले पाहिजे. स्थानकापासून लेणी, वेताळवाडी आणि घटोत्कच अशी नियमित बससेवा, गावातील घरांत माफक दरात मुक्कामाची सोय, तालुक्यातल्याच तरुणांना मार्गदर्शकाचे प्रशिक्षण आणि कापूस उत्पादकांसाठी स्थानकावर मालधक्का, एवढ्या गोष्टी लोहमार्गाच्या खर्चापुढे क्षुल्लक आहेत. त्यांची तरतूद जिल्हा नियोजन समितीच्या आराखड्यात दिसावयास हवी.