डोंगरउतारावरचं घर: वारली कुडाकडून शिकूया

🌳 बोरिवली आणि मुलुंडच्या मधोमध संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं सुमारे १०४ चौरस किलोमीटर जंगल आहे. तिथल्या वारली पाड्यांवरचं पारंपरिक घर म्हणजे शाश्वत बांधकामाचा उत्तम पाठ!

🧱 भिंत: कारवीच्या काठ्यांचा कूड, वर माती-शेणाचं लिंपण. कारवी आठ वर्षांतून एकदा फुलते (२०१६, २०२४), बी धरून वाळते आणि पुन्हा रुजते. भिंत पातळ असल्याने घरात उष्णता साठून राहत नाही.

🏠 छप्पर: उतरतं, वळचण पुढे काढलेली. पाऊस भिंतीपर्यंत पोचत नाही.

आज उतारावर घर बांधणाऱ्यांसाठी:

⛰️ डोंगर कापू नका. जोतं उताराप्रमाणे टप्प्याटप्प्याने घ्या. जुलै २००० मध्ये घाटकोपरच्या आझाद नगरात दरड कोसळून अनेक जीव गेले.

💧 उपनगरांत पावसाळ्यात साधारण २३०० मिमी पाऊस पडतो. १०० चौरस मीटर छपरावर दोन लाख लिटरहून जास्त पाणी येतं. ते साठवा; जास्तीचं दगडी चरातून सावकाश सोडा.

🪟 देखाव्यासाठी मोठ्या खिडक्या उत्तरेला ठेवा. पश्चिमेला खोल ओटी हवी: दुपारचं ऊन आणि झोडपणारा पाऊस तीच अडवते.

🐆 कचरा उघडा टाकू नका. कचऱ्यामागे कुत्री येतात, कुत्र्यांमागे बिबट्या.

📋 उद्यानाभोवती २०१६ पासून पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र आहे. जागा घेण्याआधी नियम तपासा.

तुमच्या गावी कुडाचं घर आहे? फोटो नक्की टाका!

#कारवी #शाश्वतघर