मुंबईत चित्रं बघाच, पण आधी शिल्पं

करकंबहून एसटीनं कुर्डुवाडी गाठायची आणि रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडायची, ही आमच्याकडच्या माणसाची मुंबईची वाट. गाडी भल्या सकाळी सीएसएमटीला उतरवते, गॅलऱ्या उघडतात अकराला. मधल्या वेळात लोक पाहुण्यांकडे आंघोळीला पळतात. पळू नका. बाहेर येऊन मान वर करा. १८८८ साली पूर्ण झालेल्या या स्टेशनावरचे प्राणी, पक्षी, पानंफुलं जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातची आहेत. तिकीट नाही, रांग नाही.

जहांगीर, समोरची एनजीएमए, शेजारचं म्युझियम यांच्याबद्दल दरवर्षी कुठल्या ना कुठल्या अंकात लिहून येतंच. म्युझियमचा घुमट आमच्या शेजारच्या विजापूरच्या गोलघुमटावरून घेतलेला, एवढं सांगून पुढे जातो.

माझं भांडण वेगळं आहे. महाराष्ट्राची कला १९४७च्या प्रोग्रेसिव्ह ग्रुपपासूनच सुरू झाली असं मानणारी मंडळी परिसंवादांत अजून भेटतात. त्यातले चित्रकार हुसेन आमच्या पंढरपुरात जन्मले, त्यांचा अभिमान मला कुणी शिकवायला नको. पण याच ग्रुपातला एकमेव शिल्पकार कोण, असं विचारलं की ही मंडळी छताकडे बघतात. सदानंद बाकरे! इंग्लंडात नाव कमावून तो माणूस कोकणात मुरूड-हर्णैला येऊन राहिला आणि २००७ साली तिथंच गेला. चित्राला भिंत मिळते, लिलाव मिळतो, शिल्पाला धूळ.

आणि प्रोग्रेसिव्हांच्या आधीचं म्हणाल, तर गणपतराव म्हात्र्यांची ‘मंदिरपथगामिनी’ मी तरुणपणी जे. जे.त पाहिली. देवळाकडे निघालेली नऊवारीतली बाई. विशीतल्या विद्यार्थ्यानं प्लास्टरमध्ये घडवलेली, पण निऱ्यांची चुणी अशी की पाऊल पुढे पडेल म्हणून बघणारा बाजूला सरकावा. रवींद्रनाथांनी तिच्यावर लेख लिहिला होता. नंतर मी ओळखीपाळखी काढून पुनःपुन्हा गेलो, बरोबर गावातली पोरंही नेली. ग्रीक मूर्तींचे साचे गिरवून शिकलेल्या हातानं आपल्या घरातली बाई कशी उभी केली, हे त्यांना पुस्तकातून कधी कळलं नसतं. पुढे शिल्पकार तालीम आले. शिर्डीची १९५४ची साईबाबांची मूर्ती त्यांची. रोज हजारो लोक तिच्या पाया पडतात, शिल्पकाराचं नाव त्यातल्या कितींना ठाऊक? करमरकरांनी १९२८ साली पुण्याचा अश्वारूढ शिवाजी उभा केला. अलिबागजवळ सासवण्याला त्यांच्या घरीच संग्रहालय आहे. गेटवेसमोरचे महाराज सदाशिव साठ्यांचे. लोक त्या पुतळ्याकडे पाठ करून ताजमहाल हॉटेलसमोर फोटो काढतात.

माझ्या मते मुंबईतलं सगळ्यात बोलकं शिल्पदालन राणीच्या बागेत आहे. १८७२च्या भाऊ दाजी लाड म्युझियमच्या आत मातीच्या बाहुल्यांतून जुनी मुंबई भेटते, ती बघाच. पण बाहेर रेंगाळा. घारापुरीचा दगडी हत्ती तिथं आहे. इंग्लंडला न्यायच्या खटपटीत तो मोडला, मग तुकडे जोडून इथंच ठेवला. चौकाचौकांतून हटवलेले साहेब आणि राणी शेजारीच. मूळचा ‘काळा घोडा’, पाठीवरच्या एडवर्डसकट, १९६५ साली इथंच आला. ज्या चौकाला त्याचं नाव, तिथं २०१७ पासून स्वार नसलेला नवा घोडा आहे.

आता बघणाराच आटला. जहांगीरमधलं समोवार कॅफे २०१५ साली बंद झालं. एका चहावर तिथं तासभर चालणारे वाद गेले. चित्रासमोर लोक पाठमोरे उभे राहतात, मोबाइल वर धरून. आणि आमच्याकडे चौकात फायबरचा पुतळा बसतो, उद्घाटनाच्या फ्लेक्सवर पुढाऱ्यांचे पंधरा चेहरे असतात, घडवणाऱ्याचं नाव नसतं. ग्रामपंचायतींनी एवढं तरी करावं: पुतळ्याच्या चौथऱ्यावर शिल्पकाराचं नाव कोरावं.

आणि मुंबईला जाणाऱ्यांनी बुधवार टाळावा. राणीची बाग आणि तिथलं म्युझियम, दोन्ही त्या दिवशी बंद असतात.