जुनी मोटार आणि मिस्त्रीचे नाव

‘जुने ते सोने’ असे आपण सहज म्हणून जातो. पण जुनी मोटार आपोआप सोने होत नाही. गोठ्याशेजारच्या छपराखाली वीस पावसाळे उभी राहिली, की तिचे भंगारच होते. त्या भंगारातून पुन्हा चालती गाडी उभी करणारा कारागीर म्हणजे आपला मिस्त्री. त्याचे नाव पंचक्रोशीत कशाने होते आणि कशाने जाते, याचा आज थोडा विचार करू.

ही विद्या आपल्याकडे रुजली कशी? अमेरिकेच्या जनरल मोटर्स कंपनीने १९२८ साली मुंबईत मोटारींची जुळणी सुरू केली. सुटे भाग बोटीने येत आणि गाड्या येथे उभ्या राहत. स्वातंत्र्यानंतर सरकारचे धोरण ठरले, की नुसती जुळणी नको, भागही येथेच तयार झाले पाहिजेत. १९५४ साली या कंपनीने येथले काम बंद केले. फोर्डनेही त्याच सुमारास गाशा गुंडाळला. कंपन्या गेल्या, पण त्यांच्या गाड्या रस्त्यावरच होत्या. भाग मिळेनात, तेव्हा मुंबईचा चोरबाजार धुंडाळायचा, आणि तेथेही नाही मिळाला तर लेथवर कातून घ्यायचा. मिस्त्रींची ही शाळा गरजेने काढलेली होती.

आता प्रत्यक्ष काम पाहा. गाडी आली की आधी ती पूर्ण खोलायची. १९२०-३० च्या सुमाराच्या कित्येक गाड्यांत पत्र्याखाली लाकडी चौकट असे. ती कुजलेली निघाली, तर सुताराला बोलवावे लागे. इंजिनाचे सिलिंडर झिजले असतील, तर ते बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन घालायचे. सर्वांत अवघड काम जुन्या बेअरिंगांचे. ती तयार मिळत नसत. कथील, अँटिमनी आणि तांबे यांचा मिश्र धातू वितळवून जागेवर ओतावा लागे. मग दांड्याला निळा रंग लावून तो फिरवायचा, रंग कोठे लागला ते पाहायचे, तेवढीच जागा खरवडायची, आणि पुन्हा फिरवायचा. सगळीकडे सारखा रंग लागेपर्यंत हे चालायचे. येथे घाई केली, की गाडी पहिल्याच घाटात बसलीच म्हणून समजा!

पत्र्याचे काम मात्र माणसाची परीक्षा पाहते. गंजलेला पत्रा कापून त्या जागी नवा पत्रा ठोकून बसवावा, हा खरा मार्ग. त्याला दिवस लागतात. दुसरा मार्ग सोपा: भोकावर लांबी, म्हणजे पुट्टी, थापायची, घासायची आणि वर चकचकीत रंग मारायचा. गाडी न्यायच्या दिवशी दोन्ही गाड्या सारख्याच सुंदर दिसतात. फरक कळतो दोन पावसाळ्यांनी, रंगाला फोड आल्यावर.

मी शाळेत होतो तेव्हा, १९९० च्या आसपास, आमच्या तालुक्याच्या गावी असे दोन मिस्त्री होते. एकाच्या रंगकामाची वाहवा व्हायची. दुसरे वयस्कर, सहा महिने गाडी अडकवून ठेवतात म्हणून लोक त्यांच्यावर कुरकुरत. पण गाडी परत देताना ते बदललेले सगळे जुने भाग गोणपाटात बांधून मालकाच्या हाती देत. “काय काढलं आणि काय घातलं, ते तुमच्या डोळ्यांनी बघा,” एवढेच म्हणत. जाणते गिऱ्हाईक खिशात फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक घेऊन यायचे. चुंबक पत्र्याला चिकटते, जाड पुट्टीला चिकटत नाही. या म्हाताऱ्या मिस्त्रींच्या गाडीवर ते लावण्याचे मात्र हळूहळू सगळ्यांनीच सोडून दिले. नाव झाले म्हणतात, ते याला!

आता कायद्यालाही हाच प्रामाणिकपणा हवा आहे. २०२१ साली केंद्र सरकारने जुन्या गाड्यांच्या नोंदणीचे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेल्या दुचाकी-चारचाकी गाड्यांना त्यांत वेगळी नोंद मिळते. पण सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. मूळचे काय आणि मागाहून घातलेले काय, हे खरे सांगू शकतो तो मिस्त्रीच.

आणि हे जाणकार आता थोडे उरले आहेत. अँबेसिडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली. म्हणजे कालपर्यंतच्या रोजच्या गाड्याच आता जुन्या गाड्यांच्या रांगेत चालल्या आहेत. त्या दुरुस्त करणारे हात मात्र म्हातारे झाले आहेत. मोटारींच्या प्रदर्शनात फलकावर मालकाचे नाव लागते, मिस्त्रीचे बहुधा लागत नाही.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. आपल्या गावच्या एखाद्या वृद्ध मिस्त्रीकडे मुलांना घेऊन जा. बेअरिंग कसे ओततात, पत्रा कसा ठोकतात, ते त्यांच्याच तोंडून वदवून घ्या, आणि मुलांना त्यांच्या नावानिशी वहीत लिहायला सांगा. ही माहिती पुस्तकात फारशी सापडत नाही. ती त्या माणसांच्या हातांत आहे, आणि ते हात आहेत तोवरच ती विचारून घेतली पाहिजे.