संकेतस्थळाचे बिऱ्हाड : सामायिक सर्व्हरवरून स्वतंत्र सर्व्हरवर

व्यवसाय वाढला की दुकानदार मोठी जागा पाहू लागतो. जुन्या गाळ्यात गिऱ्हाइकांची दाटी होते, माल ठेवण्यास कोपरा उरत नाही, हे त्याला डोळ्यांनी दिसत असते. इंटरनेटवरील दुकानाची गोष्ट निराळी आहे. तेथील गर्दी मालकाला दिसत नाही आणि वाट पाहून कंटाळून परत गेलेले गिऱ्हाईकही दिसत नाही. आपल्या बँकेच्या लहान व मध्यम उद्योजक ग्राहकांपैकी अनेकांची विक्री आज संकेतस्थळावरून होते. त्यामुळे संकेतस्थळ ज्या यंत्रावर राहते ती जागा अपुरी पडली आहे का, आणि पडली असल्यास बिऱ्हाड कसे हलवावे, हा विषय केवळ संगणकतज्ज्ञांचा राहिलेला नाही.

उदाहरणादाखल लखनौचा विचार करता येईल. शहराच्या दक्षिणेस रायबरेली मार्गावर तेलीबाग ही वस्ती आहे. संजय गांधी स्नातकोत्तर आयुर्विज्ञान संस्था तेथून जवळ असल्याने बदलीनिमित्त लखनौस राहून आलेल्या कर्मचाऱ्यांना हा परिसर परिचित असेल. लखनवी चिकनकारीला २००८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. समजा, तेलीबागेतील एक छोटा व्यापारी चिकनचे कुर्ते आपल्या संकेतस्थळावरून पुण्या-नागपूरच्या ग्राहकांना विकतो. वर्षभर सारे सुरळीत चालते. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात मात्र पान उघडण्यास अर्धे मिनिट लागते आणि ऐन पैसे भरण्याच्या वेळी ‘सेवा उपलब्ध नाही’ असा संदेश झळकतो. वर्षाच्या विक्रीचा मोठा वाटा ज्या आठ दिवसांत व्हायचा, नेमके तेच दिवस हातचे जातात.

सर्व्हर म्हणजे अहोरात्र चालू राहून, मागणी येईल त्यास पान पुरविणारा संगणक. नवे संकेतस्थळ बहुधा सामायिक सर्व्हरवर थाटले जाते. तेथे एकाच यंत्रावर शेकडो संकेतस्थळे नांदतात. चाळीतील सामायिक नळासारखी ही व्यवस्था असते: भाडे अल्प, देखभाल मालकाकडे, पण शेजाऱ्याने हंडे भरावयास घेतले की आपली धार बारीक होते. प्रोसेसर, स्मृती व एका वेळी चालणाऱ्या प्रक्रिया यांवर प्रत्येकास मर्यादा घातलेली असते आणि ती ओलांडताच संकेतस्थळ मंदावते किंवा थांबते. शेजाराचा आणखी एक उपद्रव सहसा लक्षात येत नाही. त्याच यंत्रावरून कोणी नको असलेल्या ई-मेलचा भडिमार केला, तर त्या यंत्राचा पत्ताच काळ्या यादीत जातो आणि आपल्या ग्राहकास पाठविलेली ऑर्डरची पोच त्याच्या कचरापेटीत पडते.

तथापि, संकेतस्थळ मंद झाले म्हणून लगेच स्वतंत्र सर्व्हर घेणे शहाणपणाचे नाही. आधी मोजमाप करावे. एक साधा हिशेब पाहण्यासारखा आहे. कुर्त्यांच्या छायाचित्रांचे एक पान २ मेगाबाइटचे असून एका मिनिटात ५०० जणांनी ते उघडले, तर मिनिटाला १,००० मेगाबाइट, म्हणजे सेकंदाला सुमारे १३३ मेगाबिट इतका प्रवाह लागतो. १०० मेगाबिटांच्या जोडणीवर तो मावणार नाही. तेच पान छायाचित्रे आटोपशीर करून अर्ध्या मेगाबाइटवर आणले, तर गरज ३३ मेगाबिटांवर येते आणि नवा सर्व्हर घेण्याचे कारणच उरत नाही. वारंवार मागितली जाणारी पाने दर वेळी नव्याने न रचता तयार प्रत हाती देणे, ज्यास कॅशिंग म्हणतात, हाही असाच स्वस्त उपाय. हे सारे करूनही प्रोसेसर व स्मृती सतत मर्यादेला टेकत असतील, तरच जागा बदलण्याचा विचार रास्त ठरतो. सल्ला देणारा विक्रेता बहुधा हा क्रम उलटा सांगतो, हेही ध्यानात असावे.

मोठमोठ्या सेवांनाही याच वाटेने जावे लागले आहे. विकिपीडिया हा मुक्त ज्ञानकोश जानेवारी २००१ मध्ये सुरू झाला तो बोमिस नावाच्या एका अमेरिकन कंपनीच्या सर्व्हरवर, एका परीने आश्रित म्हणून. वर्षअखेरीस लेखांची संख्या २०,००० च्या आसपास पोहोचली आणि यंत्रांवरील ताण वाढत गेला. जून २००३ मध्ये विकिमीडिया फाउंडेशन ही संस्था स्थापन झाली व पुढे देणग्यांतून स्वतःचे सर्व्हर फ्लोरिडातील टॅम्पा येथे उभे राहिले. १ मे २००३ रोजी आरंभ झालेला मराठी विकिपीडियाही या यंत्रांच्याच आधाराने वाढला. जानेवारी २०१३ मध्ये हे मुख्य बिऱ्हाड टॅम्पाहून व्हर्जिनियातील अ‍ॅशबर्न येथे हलले. २०१६ पासून ही संस्था आपला कारभार एका डेटा सेंटरवरून दुसऱ्यावर नेण्याचा मुद्दाम सराव करते. त्या वेळी लेखन थोडा वेळ थांबते, वाचन मात्र चालू राहते. या युक्तीचा उल्लेख पुढे येईल.

आपल्याकडील ठळक उदाहरण रेल्वेचे. आयआरसीटीसीची इंटरनेटवरील तिकीटविक्री ३ ऑगस्ट २००२ रोजी सुरू झाली. तत्काळ तिकिटांच्या वेळी पुष्पक एक्स्प्रेसने लखनौहून मुंबईस येणाऱ्यांना पडद्यावर फिरणारे चक्र पाहत बसावे लागे, हे अनेकांना स्मरत असेल. एप्रिल २०१४ मध्ये नवी यंत्रणा कार्यान्वित झाली आणि मिनिटाला २,००० तिकिटांची क्षमता ७,२०० वर गेली. जून २०१५ मध्ये वातानुकूलित व शयनयान वर्गांच्या तत्काळ आरक्षणाच्या वेळाही सकाळी १० व ११ अशा वेगळ्या करण्यात आल्या. यंत्रे वाढवूनही गर्दीची विभागणी करावी लागली, ही बाब लहान व्यापाऱ्यानेही टिपून ठेवावी अशी आहे.

सामायिक व स्वतंत्र यांच्या मध्ये एक पायरी आहे. एका मोठ्या यंत्राचे आभासी भाग पाडून प्रत्येकास ठराविक प्रोसेसर व स्मृती राखून दिली जाते. हा आभासी खाजगी सर्व्हर म्हणजे सोसायटीतील सदनिका. वाढत्या संकेतस्थळांपैकी बहुतेकांना एवढे पुरते आणि गरजेनुसार भाग वाढवूनही घेता येतो. स्वतंत्र सर्व्हर म्हणजे संपूर्ण यंत्र एकट्याचे. ते मासिक भाड्यानेही मिळते, किंवा विकत घेऊन डेटा सेंटरमध्ये ठेवता येते.

यंत्र घरीच का ठेवू नये, असा प्रश्न साहजिक आहे. लखनौचा उन्हाळा ४० अंशांच्या वर जातो. वीज गेल्यावर घरचा इन्व्हर्टर किती वेळ तग धरील, घरगुती जोडणीचा पत्ता कायम राहील काय, या अडचणी तेथेच सुरू होतात. ९९.९ टक्के उपलब्धतेची हमी म्हणजेही वर्षाकाठी पावणेनऊ तास बंद. तेवढी हमी देण्यासाठीही दुहेरी वीजपुरवठा, जनरेटर व वातानुकूलन लागते. म्हणून यंत्र नोएडा किंवा नवी मुंबईतील ऐरोली-महापे भागातील डेटा सेंटरमध्ये असणे इष्ट. अंतराची काळजी करण्याचे कारण नाही. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लक्ष किलोमीटर जातो, त्यामुळे लखनौ ते नवी मुंबई हे सुमारे १,२०० किलोमीटरचे अंतर सेकंदाच्या एका शतांशापेक्षाही कमी वेळात कापले जाते. अमेरिकेतील स्वस्त सर्व्हर घेतल्यास हा वेळ अनेक पटींनी वाढतो आणि एक पान रचताना अशा अनेक खेपा होतात.

आता प्रत्यक्ष स्थलांतर. येथे पत्ता आणि घर यांतील फरक नीट समजून घ्यावयास हवा. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२५ च्या परिपत्रकानुसार बँकांना आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव नावावर ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत न्यावयाची होती. त्या वेळी ग्राहकांना दिसणारा पत्ता बदलला. व्यापाऱ्याच्या बाबतीत उलट घडते: नाव तेच राहते, पण त्या नावामागील यंत्र बदलते. नाव कोणत्या यंत्राचे, हे सांगणारी डीएनएस ही जगभर पसरलेली नोंदवही १९८३ मध्ये आखली गेली. तिच्यातील उत्तर ठिकठिकाणचे संगणक काही काळ स्वतःजवळ जपून ठेवतात. हा काळ ८६,४०० सेकंद, म्हणजे २४ तास असा ठरवलेला असेल, तर नोंद बदलल्यावरही दिवसभर काही ग्राहक जुन्या घराचे दार ठोठावत राहतील. यासाठी स्थलांतराच्या निदान दोन दिवस आधी ही मुदत ३०० सेकंदांवर आणून ठेवावी. या एका खबरदारीचा विसर पडल्याने जितका गोंधळ होतो, तितका यंत्रातील बिघाडाने क्वचितच होत असेल.

नव्या सर्व्हरवर संकेतस्थळाची प्रत उभी करून, नोंद बदलण्यापूर्वीच ती आपल्या एका संगणकावरून तपासता येते. ऑर्डर नोंदवून पाहावी, पैसे भरण्याच्या पानापर्यंत जाऊन यावे, सुरक्षा प्रमाणपत्र बसले आहे काय हे पाहावे. खरी कसोटी माहितीकोशाची. प्रत घेतल्यानंतर आणि नोंद बदलण्यापूर्वी जुन्या सर्व्हरवर आलेली ऑर्डर नव्या ठिकाणी पोहोचत नाही. ग्राहकाच्या खात्यातून रक्कम वळती झालेली, दुकानदाराकडे मात्र ऑर्डरच नाही, अशी तक्रार मग बँकेच्या शाखेत येते. उपाय विकिपीडियाचाच. रात्रीच्या निवांत वेळी पूर्वसूचना देऊन नवी ऑर्डर घेणे थांबवावे, वाचन चालू ठेवावे, अखेरची प्रत न्यावी आणि मग नोंद बदलावी. दिवाळीच्या तोंडावर हे काम हाती घेऊ नये, हे सांगावयास नकोच.

देवनागरी मजकूर असेल तर आणखी एक जागा सांभाळावयाची. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘क्ष’ या जोडाक्षरास क, हलन्त आणि ष मिळून नऊ बाइट लागतात. जुना माहितीकोश लॅटिन लिपीच्या मांडणीवर असेल आणि नेताना पद्धत जुळली नाही, तर ग्राहकांची नावे व पत्ते प्रश्नचिन्हांची रांग होऊन बसतात. एकदा प्रश्नचिन्हे साठविली गेली की मूळ अक्षरे त्यांतून परत मिळत नाहीत. म्हणून दहा-वीस मराठी नोंदी दोन्हीकडे समोरासमोर ताडून पाहिल्यावाचून पुढे जाऊ नये. ई-मेलचे टपाल कोठे जाते ती नोंद वेगळी असते. संकेतस्थळ हलविताना तिला धक्का लागला, तर पत्रव्यवहार निमूटपणे बंद पडतो. नव्या यंत्राची टपालजगात अजून ओळख नसल्याने एसपीएफ व डीकेआयएम या खात्रीच्या नोंदीही त्याच वेळी कराव्या लागतात.

स्वतंत्र घर घेतले की कुलूपही आपलेच. सामायिक सर्व्हरवर सुरक्षेच्या दुरुस्त्या मालक करीत असे. आता ते काम व्यापाऱ्याचे किंवा त्याने पगारावर नेमलेल्या माणसाचे. भाड्याचा आकडा पाहताना या माणसाचा खर्च धरला जात नाही आणि तोच बहुधा अधिक भरतो. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटनेची खबर सहा तासांत द्यावी लागते आणि यंत्रावरील नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. १ ऑक्टोबर २०२२ पासून व्यापाऱ्याला ग्राहकाचा संपूर्ण कार्ड क्रमांक आपल्याकडे साठविताही येत नाही. जुन्या माहितीकोशात असे क्रमांक राहून गेले असतील, तर ते नव्या घरी नेण्याऐवजी तेथेच नष्ट करणे योग्य.

बॅकअपविषयी फ्रान्समधील एक प्रसंग उद्बोधक आहे. १० मार्च २०२१ रोजी स्ट्रासबर्ग येथील ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागून एक इमारत पूर्णतः भस्मसात झाली. अनेक ग्राहकांकडे बॅकअप होता, पण तो त्याच आवारात ठेवलेला असल्याने मूळ माहितीबरोबर जळाला. लखनौतील व्यापाऱ्याचा सर्व्हर नवी मुंबईत असेल, तर एक प्रत अन्य शहरात आणि एक आपल्या कपाटातील डिस्कवर असावी, आणि तिमाहीत एकदा ती उघडून पाहावी.

राहता राहिली पैसे भरण्याची बाब. सर्व्हरचे भाडे व नावाचे नूतनीकरण बहुधा कार्डावरून आपोआप होते. रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२१ पासून अमलात आलेल्या नियमांनुसार अशा वसुलीपूर्वी किमान २४ तास आधी ग्राहकास सूचना मिळते. वाढीव पडताळणीवाचून पार पडणाऱ्या रकमेची मर्यादा जून २०२२ मध्ये ५,००० वरून १५,००० रुपये झाली, ती पडताळणीपुरतीच. सूचना सर्वांसच येते. दरमहाचे भाडे यामुळे विनासायास जाते, पण तेच भाडे सवलतीच्या मोहाने वर्षाचे एकदम भरण्याचे ठरविले, तर रक्कम मर्यादेपलीकडे जाऊन पडताळणीसाठी थांबून राहू शकते. कार्डाची मुदत संपली असली तरी वसुली अडते. सूचना ज्या मोबाइल क्रमांकावर व ई-मेलवर येते, ते बँकेत अद्ययावत आहेत काय हे शाखेत एकदा पाहून घ्यावे; आणि तो ई-मेल पत्ता त्याच सर्व्हरवरचा नसावा, कारण सर्व्हर बंद पडल्यास सूचनाही तेथेच अडकून राहील. जुन्या सामायिक सर्व्हरचे खाते मात्र स्थलांतरानंतर निदान एक महिना चालू ठेवावे आणि तेथील शेवटची प्रत उतरवून, उघडून पाहिल्यानंतरच ते बंद करण्याचा अर्ज द्यावा.