पात्याआधी मूठ बघा

दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय असो, हैदराबादचे सालारजंग की पुण्याचे केळकर संग्रहालय. शस्त्रदालनात लोक पाती बघतात. मी फौजेतला माणूस, आधी मूठ बघतो.

कट्यारीच्या आडव्या दांड्या मुठीत धरल्या की पाते थेट हाताच्या रेषेत येते; भोसकताना खांद्याचा सगळा जोर मिळतो. पट्ट्याच्या लोखंडी खोबळ्यात मनगट वळत नाही, म्हणून वार खांद्यातून आणि पायांच्या पवित्र्यातून फिरवावा लागतो. ढालीवरची चार फुले निव्वळ नक्षी नव्हेत. मागच्या पकडीच्या कड्या तीच धरून ठेवतात. त्या पकडीखाली बोटांसाठी छोटी गादी असते.

पाटीवर राजाचे नाव सापडते. त्या गादीवर ज्याची बोटे टेकली, त्या शिपायाचे बहुधा नसते. पुढच्या वेळी ढाल मागूनही बघा. जय हिंद!