इंडिकेटरवरची माहिती मोबाईलवर: कशावर किती भरवसा ठेवायचा?



डहाणू, पालघर, सफाळ्याकडून भाजी, फुलं घेऊन आपल्यातल्या कितीतरी जणी लोकलने बोरिवली-अंधेरीला येतात. डहाणूपर्यंत लोकल 2013 साली सुरू झाली, पण विरारच्या पुढे गाड्या मोजक्याच. परतीची एक गाडी चुकली की घरी पोचायला रात्र होते. म्हणून स्टेशनात शिरल्या शिरल्या आपण आधी इंडिकेटर बघतो. आता ही माहिती मोबाईलवरही मिळते. पण ती सगळी एकसारखी नसते. फरक समजून घेऊ या.

ठरलेली वेळ: ‘एम-इंडिकेटर’ ॲपमधलं लोकलचं वेळापत्रक नेट नसतानाही दिसतं. पण आज गाडी उशिरा आहे हे वेळापत्रकाला कळत नाही. त्याच ॲपवर प्रवासी एकमेकांना गाडीची खबर देतात. ती उपयोगी पडते, पण ती ऐकीव माहिती समजायची.

गाडी आत्ता कुठे आहे: घाटकोपर-मुलुंडकडे जाणाऱ्यांसाठी मध्य रेल्वेने 2022 मध्ये ‘यात्री’ ॲपवर लोकल कुठे पोचली हे दाखवायला सुरुवात केली. गाडीतल्या जीपीएस यंत्रावरून हे कळतं. तरी गाडीत चढण्याआधी फलाटावरचा इंडिकेटर बघायचा आणि अनाउन्समेंट ऐकायचीच.

पावसाचा इशारा: 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. माणसं वाटेतच अडकली, कुणाला काही कळलं नाही. आता सरकारी इशारा मराठीत एसएमएसने येतो, साध्या बटणाच्या फोनवरसुद्धा. ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे लगेच हालचाल करा. असा मेसेज न वाचता पुसू नका. मुंबईत अडचण आली तर महापालिकेचा नंबर 1916.

क्यूआर कोड: फलकावरच्या त्या काळ्या-पांढऱ्या चौकटीत बहुतेक वेळा एक पत्ता लपलेला असतो. स्कॅन केलं की मोबाईलवर ते पान उघडतं. नुसती माहिती बघायला पिन किंवा ओटीपी लागत नाही. मागितला तर लगेच बंद करा. मूळ कोडावर दुसरं स्टिकर चिकटवलेलं नाही ना, तेही बघा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता 1930 ला फोन लावा.

आता महत्त्वाचं. फलक चौकात असतो, येणारी-जाणारी कुणीही तो वाचते. मोबाईल मात्र ज्याच्या हातात, माहिती त्याचीच. आपल्यात अनेकींच्या घरी स्मार्टफोन नवऱ्याकडे नाहीतर मुलाकडे असतो. म्हणजे माहिती घरात येते, पण बाईपर्यंत पोचत नाही.

यावर गटातच उपाय आहे. पुढच्या बैठकीत एका ताईकडे हे काम द्या. रेशन दुकान, दवाखाना, ग्रामपंचायत इथल्या फलकांचा फोटो तारखेसकट काढायचा आणि गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकायचा. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांना साधा फोन करून सांगायचं. बैठकीत हप्ते गोळा करण्याआधी पाच मिनिटं सगळं मोठ्याने वाचायचं. दर महिन्याला हे काम दुसरीकडे द्या, म्हणजे हळूहळू सगळ्याच शिकतील.