ठाऊक असणे आणि पटणे

२०२० साली कोविडची साथ अमेरिकेत शिरली, तेव्हा कृष्णवर्णीयांना हा रोग बाधत नाही, अशी आवई तेथे उठली होती. एप्रिलमध्ये शिकागोचे आकडे आले नि ती फोल ठरली. लोकवस्तीत सुमारे ३० टक्के असलेल्या या समाजाच्या वाट्याला जवळजवळ ७० टक्के मृत्यू आले होते. पुष्कळांची नोकरीच अशी, की घरी बसून भागत नव्हते.

विषाणू श्वासावाटे पसरतो, हे महाविद्यालयीन मुलांस समजाविणे सोपे. पण सप्टेंबरात न्यू ऑर्लिन्समधील झेवियर व डिलर्ड या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठांच्या अध्यक्षांनी स्वतः लसीच्या चाचणीत भाग घेऊन विद्यार्थ्यांनाही तसे सुचविले, तेव्हा पालक खवळले. त्यांना टस्कीगी आठवले. तेथे सरकारी आरोग्यखात्याने १९३२ पासून सुमारे ४०० उपदंशग्रस्त कृष्णवर्णीयांना, पेनिसिलिन आल्यावरही, १९७२ पर्यंत उपचाराविना नुसते निरीक्षणाखाली ठेवले होते.

शंका काढणाऱ्यास आम्ही शिक्षक फार लवकर अडाणी ठरवितो. येथे शंका उपजली ती इतिहास ठाऊक असल्यामुळेच. मॉडर्नाच्या लसीवर काम केलेल्या कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ किझमेकिया कॉर्बेट हे ओळखून होत्या. अशा साशंक मंडळींचे प्रश्न त्या स्वतः ऐकू लागल्या.